दामूभाऊची उफराटी पेटी

आरागिरणीच्या मागे भुशाचा ढीग असतो. तो कोणी मुद्दाम रचत नाही. लाकूड कापता कापता आपोआप होतो. आमच्या आलापल्लीच्या गिरणीवरचे किस्सेही तसेच जमले. मी शाळेत गेलो नाही, सगळं नीट मांडता येईल असं नाही. पण सावकाश सांगतो, घाई कुणाला आहे!

ही गोष्ट पन्नास सालानंतरची. गावात वीज नव्हती. रेडिओ होता तो सुक्या बॅटरीवर चालणारा. गिरणीचं इंजिन सांभाळणारा दामूभाऊ असे मेलेले रेडिओ घरी आणून उघडून बसायचा. आणि सीतारामभाऊ आमच्या दंडारीचा, म्हणजे गावच्या नाचाचा, पेटीवाला. गिरणीवर त्याचा हात पात्यावर घसरला आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली. त्यानंतर त्याने पेटीला हात लावला नाही. चार लोकांत बसायचाही तो पाठ करून. हात धोतराच्या सोग्यात.

एक दिवस दामूभाऊ म्हणाला, "एका मुठीवर वाजन अशी पेटी करतो मी. पाहा तुम्ही!"

आम्ही हसलो. तो हसला नाही.

*

चार महिन्यांनी पेटी झाली. सागाच्या फळीवर बारीक तार गुंडाळलेली, तिच्यावरून सरकणारी लाकडी मूठ, मागे रेडिओची सुकी बॅटरी, एक वॉल्व, एक लाल मिणमिणता दिवा आणि भोंगा. मूठ सरकवली की दिव्याची वीज कमीजास्त होणार. वीज चढली की सूर चढणार.

सीतारामभाऊने उरलेला अंगठा आणि बोट मुठीवर ठेवलं. पेटीवाल्याची सवय, वर जायला मूठ उजवीकडे नेली. सूर भसकन खाली गेला! डावीकडे नेली तर किंचाळत वर!

"दामू, तुयी पेटी उफराटी हाय!"

दामूभाऊने डोकं खाजवलं. "वॉल्वचा स्वभावच तसा हाय भाऊ. पुढून वीज चढवली, तर मागून उतरते."

"म्हणजे माया सासऱ्यासारखाच," सीतारामभाऊ म्हणाला.

अपघातानंतर तो पहिल्यांदा काही गमतीचं बोलला होता. दामूभाऊने ते ओळखलं. पेटी उफराटी आहे याचं त्याला त्या दिवशी वाईटच वाटलं नाही!

*

धानोऱ्याकडचे लालसूदादा मोहफुलं घेऊन यायचे. बासरी अशी वाजवायचे की काम थांबायचं. त्यांना आम्ही पेटी ऐकवली. बराच वेळ डोळे मिटून ऐकलं त्यांनी.

"कसं वाटलं दादा?"

"सूर चांगला हाय. पण हा दम कवा घेते?"

"यंत्र हाय दादा, त्याले दम कायले लागते?"

"मग ऐकणाऱ्यानं दम कवा घ्यावा?"

दुसऱ्या दिवशी पेटीला पायाने दाबायची पट्टी लागली. दाबली तर सूर, सोडली तर शांत. लालसूदादांनी पुन्हा ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "आता जिवंत झाला."

*

उफराटं सुलटं करायला दुसरा वॉल्व पाहिजे होता. पहिला उलटवतो, दुसरा त्याला परत उलटवतो, असं ते गणित. वॉल्व चांद्याहून यायचा. चार महिने झाले तरी तो काही येईना. सीतारामभाऊ थांबला नाही, आहे त्याच पेटीवर रोज बसू लागला.

एकदा त्याची बायको गिरणीवर येऊन दामूभाऊवर कडाडली, "भाऊजी, का करून ठेवलं माह्या नवऱ्याले! कंदिलाची वात मोठी करा म्हटलं, तर विझवूनच टाकली! आता चावी उलटी फिरवून राह्यलेत!"

*

मंडईला दोन दिवस उरले. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची आमची जत्रा, दुपारी दंडार नाचते. गिरणीसमोर शेवंताबाईचं चहाचं दुकान होतं. वॉल्व अजून आला नाही म्हणून दामूभाऊ तिथे डोकं धरून बसला होता.

शेवंताबाईने विचारलं, "बैल उलटे जुंपले, तर नवी बंडी आणतेत का? बैलच इकडचे तिकडं करतेत न! तुया तारेच्या दोन टोकायचं तसं काऊन नाई करत?"

दामूभाऊ तिच्याकडे बघतच राहिला. "बाई, हे तू चार महिन्याआधी काऊन नाई सांगितलं?"

"तू चार महिन्यापासून चहाच मागून राह्यला. विचारलं कुठी?"

तो पळत घरी गेला. टोकं बदलली. त्याच दिवशी मोटारीने वॉल्वही आला, या पठ्ठ्याने तोही लावला. मूठ सरकवली. पेटी पुन्हा उफराटी!

शेवंताबाई म्हणाली, "दोघांनी दोनदा बैल बदलले, तर ते जागच्या जागीच येतीन बाप्पा!"

नवा वॉल्व काढला. पेटी सुलटी झाली. "सीतारामभाऊले सांगू नका," दामूभाऊ आम्हाला म्हणाला. "मंडईपर्यंत पेटी माया घरीच ठेवतो, त्या दिवशी त्याले खूश करू."

*

मंडईची दुपार. चिंचेखाली पेटी ठेवली. सीतारामभाऊ नेहमीसारखा झाडाकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून बसला. नाचणारे उभे राहिले. त्याने पट्टी दाबली, मूठ डावीकडे नेली. सूर चढायचा तो घसरत खाली गेला. नाचणाऱ्यांचे पाय थांबले. मागून कोणीतरी हसलं.

दामूभाऊ धावला. "भाऊ, मी सुलटी केली! तुमच्यासाठी!"

"अरे, काऊन केली? माया हात उफराटाच शिकला!"

"टोकं परत बदलतो..."

"किती वेळ?"

"टोकं झाळायची सळई तापवावी लागते. अर्धा तास."

"अर्धा तास कोण थांबन?" नाचणाऱ्यांतला एक ओरडला. "डफड्यावरच नाचतो आम्ही! राहू दे ती पेटी!"

सीतारामभाऊ उठला. मला वाटलं, गेला हा घरी, आता पुन्हा येत नाही. तो उभाच राहिला. एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा झाडाकडे. मग वाकला, बसायचं पोतं उचललं, पेटीला वळसा घातला आणि झाड आणि पेटी यांच्या मधे जाऊन बसला. पायाची पट्टी ओढून घेतली. तिकडून त्याचं डावं ते डावंच, पण पेटीचं उजवं! म्हणजे मूठ डावीकडे नेली की सूर पुन्हा वर.

फक्त आता सगळी मंडई त्याच्यासमोर होती. त्याने सोग्यातून हात काढला, दोन बोटांचा, आणि मुठीवर ठेवला. सगळे त्या हाताकडेच बघत होते.

तो म्हणाला, "पाहून झालं न सगळ्यायचं? आता ऐका!"

आणि पट्टी दाबली.