‘पाव्हणं’चं कन्नड

माझ्या उजव्या हाताची मूठ आता पुरती मिटत नाही. चहाचा कप मी डाव्या हाताने धरतो. नवीन माणसाला वाटतं, हा डावखुराच असणार. मीही काही बोलत नाही. सांगायचं म्हटलं तर एका शब्दापासून सुरुवात करावी लागते.

मी वर्ध्याकडचा. नववीत शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली, आणि गावातल्या एका ओळखीच्या माणसामागे बेळगावच्या फाउंड्रीत आलो. साच्यात वाळू भरायची, ठोकायची, पेटी उचलायची. सगळं मनगटाचं काम. इथे अनोळखी माणसाला ‘पाव्हणं’ म्हणतात, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. चहावाला म्हणायचा, रिक्षावाला म्हणायचा. आमच्याकडे पाहुणा म्हणजे घरी आलेला, ज्याच्यासाठी शेजारून साखर मागून आणतात तो. घरापासून इतक्या लांब दिवसातून दहा जणांनी पाव्हणं म्हटलं की बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, सुरुवातीला डोळे भरायचे.

बहिणीचं साक्षगंध होतं, इकडे ज्याला साखरपुडा म्हणतात. कोल्हापुरातून दुपारची रेल्वे गाठायची होती. त्या आठवड्यात सीमेवरून पुन्हा काहीतरी पेटलेलं, दोन्हीकडच्या बस हद्दीपाशी थांबलेल्या. निपाणीपर्यंत जाणाऱ्या बसला लटकायलाही जागा नव्हती. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी मोबाईलवर टॅक्सी मागवली, निपाणीपर्यंत. चालक बोरगावचा होता, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. गाडी हायवेला लागल्यावर तो आरशात बघून म्हणाला, “पाव्हणं, ते बुकिंग कॅन्सल करा की. कंपनी लई खाती. तेवढ्याच पैशात तुम्हाला निपाणीच्या फुडं कोगनोळी नाक्यावर सोडतो. तिथनं तुमची म्हाराष्ट्राची बस.”

नाक्यापर्यंत जायचं कसं, हीच मला काळजी होती. मी उजव्या अंगठ्याने बुकिंग रद्द केलं. वाटेत पंपावर तो म्हणाला, “थोडं आत्ताच टाका, डिझेल मारतो.” मी त्याच्या नंबरवर टाकले.

तवंदी घाटात उसाचा ट्रॅक्टर एकदम आडवा आला. चालकाने गाडी वळवली आणि आम्ही दुभाजकावर गेलो. ट्रॅक्टर थांबलाच नाही. चालकाच्या कपाळाला खरचटलं. माझा हात दाराच्या आणि पुढच्या सीटच्या मध्ये अडकला होता. मनगट हातापासून वेगळंच असल्यासारखं दिसत होतं.

हे लिहायलाच हवं की तो मला टाकून गेला नाही. दुसरी गाडी थांबवून त्याने मला निपाणीच्या दवाखान्यात नेलं. तिथे रांग होती. तो काउंटरवर ओरडला, “आमचं पाव्हणं हायत, आधी आत घ्या!” आणि मला आत घेतलं. त्याच्या बायकोने भाकरी आणि डाळीची आमटी आणली, भाकरीचे तुकडे करून आणले, कारण मला मोडता येत नव्हती. माझ्या आईला फोन त्यानेच लावला. आई रडत होती, “कायले बसला बाप्पा त्या गाडीत!” तो तिला म्हणाला, “आक्का, मी हाय की. काळजी करू नका.”

संध्याकाळी हवालदार जबाब घ्यायला आला. कन्नडमधून त्याने चालकाला विचारलं, हा कोण? चालक म्हणाला, “नम्म नेंटरु रीं.”

मला कन्नड येत नव्हतं. मला वाटलं, नेंटरु म्हणजे गाडीत बसलेला माणूस. हवालदाराने लिहिलं, कागद माझ्यापुढे धरला. मी डाव्या हाताने सही केली, लहान पोराच्या अक्षरासारखी. वर दोघांचे आभारही मानले.

ऑपरेशन करून मनगटात धातूची पट्टी बसवली. साक्षगंध माझ्याशिवाय झालं. फाउंड्रीचा ठेकेदार म्हणाला, “कामावर लागलं न्हाय न्हवं? मग आमचा काय संबंध?” टॅक्सीच्या कंपनीत फोन केला, तर प्रवाशांचा विमा आहे म्हणाले, पण तुमचा प्रवास आमच्याकडे रद्द दिसतो. उरला गाडीचा विमा. तो मिळाला तर हाताचा पुढचा इलाज होणार होता. नाहीतर हात होता तसाच राहणार होता, आणि हाताबरोबर माझं कामही गेलं असतं.

विमा कंपनीचा चौकशीवाला बेळगावात माझ्या खोलीवर आला. सभ्य माणूस होता. चप्पल बाहेर काढून आत आला. जबाबाची प्रत काढून त्याने मला मराठीत वाचून दाखवली.

“इथं लिहिलंय, तुम्ही चालकाचे नातेवाईक. नातं म्हणून फुकट बसला होता.”

“कोणी लिहिलं असं?”

“सही तुमची हाय. नेंटरु म्हणजे सोयरे, नातेवाईक. टॅक्सीचा विमा भाडं देणाऱ्या प्रवाशाचा असतो. पाव्हण्याला त्यात जागा न्हाय.”

माझी बाजू बघणाऱ्या वकिलांनी उपाय सांगितला: पंपावर पाठवलेल्या पैशांची नोंद दाखवा, चौकीत जाऊन पुरवणी जबाब द्या, आणि चालकालाही खरं सांगायला लावा. मी चालकाला फोन केला.

“पाव्हणं,” तो म्हणाला, “कॅन्सल करून भाडं घेतलं असं मी सांगितलं तर माझी आयडी बंद. मग मी काय करू, बैलगाडी हाकू?”

“माझा हात जाईल हो.”

“मग दवाखान्यात नेलं ते चुकलंच म्हणा की माझं. घाटातच टाकून यायला पायजे हुतं.”

मी फोन ठेवला. पंधरा दिवस मी चौकीत गेलो नाही. ज्याच्या घरची भाकरी खाल्ली त्याचंच पोट मारायचं, हे जमेना. डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू दाबत बसायचो. चेंडू दबायचा नाही. फाउंड्रीत माझ्या पेटीवर दुसरा माणूस उभा राहिला.

मग एक दिवस सिटी बसने दवाखान्यात जाताना पुढची पाटी दिसली. मला अक्षरं लागत नव्हती, म्हणून कंडक्टरला विचारलं, काय लिहिलंय? तो म्हणाला, “प्रयाणिकर गमनक्के. प्रयाणिकरु म्हणजे तुम्ही-आम्ही रीं, प्रवासी. प्रवाशांनी लक्ष द्यावं.”

म्हणजे कन्नडमध्ये प्रवाशाला शब्द होता. बसमध्ये चढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तो लिहिलेला होता. जन्मभर या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला तो माहीत नव्हता, असं कसं म्हणू? पुढच्या थांब्यावर मी उतरलो आणि वकिलांना फोन केला.

निपाणीच्या चौकीत तोच हवालदार होता. चालकालाही बोलावलं होतं. तो कोपऱ्यात उभा होता, माझ्याकडे न बघता. हवालदार वैतागून मला म्हणाला, “आधी नेंटरु, आता प्रयाणिकरु. उद्या काय, बीगरु म्हणणार? व्याही?”

“मी काहीच म्हटलं नव्हतं, साहेब.”

तो चालकाकडे वळला. “तू सांग. हे तुझे कोण?”

चालकाने एकदा माझ्या हाताकडे बघितलं. तो नुसता ‘नातेवाईक’ म्हणाला असता तर सगळं तिथेच संपलं असतं.

“कोण न्हवं,” तो म्हणाला. “आमच्यात रस्त्यावर भेटंल त्याला पाव्हणं म्हणायची सवय हाय, साहेब. ते काय नातं न्हवं. भाडं हुतं.”

माझं काम झालं. मला आनंद व्हायला हवा होता. हवालदाराने लिहिलं, या वेळी मी प्रत्येक ओळ त्याच्याकडून मराठीत वाचून घेतली, ‘प्रयाणिकरु’ हा शब्द कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला लावलं, आणि मग सही केली. दावा पुढे मंजूर झाला. पट्टीचा आणि इलाजाचा खर्च निघाला. मुठीची पकड मात्र तोवर उशीर झाल्यामुळे परत आली नाही. ते पंधरा दिवस फार महाग पडले, डॉक्टर म्हणाले.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. चौकीबाहेर आलो तेव्हा त्याची गाडी उभी होती. त्याने दार उघडलं. “बसा. स्टँडवर सोडतो.”

मी पुढे बसलो. मला त्याला म्हणायचं होतं की भाकरी मी विसरलेलो नाही. वाक्य तयार करेपर्यंत स्टँड आला. मी उतरून दार लावलं, तर त्याने काच खाली केली आणि मोबाईल बाहेर धरला, पैसे घ्यायचा चौकोन वर करून.

“स्टँडपर्यंतचं भाडं द्या,” तो म्हणाला. “आणि पावती पायजे असंल तर सांगा. मागनं लफडं नको.”

मी डाव्या अंगठ्याने पैसे पाठवले. पावती मागितली. त्याने समोरच्या कप्प्यातून पावतीपुस्तक काढलं, लिहिलं, नाव विचारलं. इतक्या महिन्यांत त्याने माझं नाव पहिल्यांदाच विचारलं होतं.