वाचून होईपर्यंत थांबणारा कॉम्प्युटर

आमच्या घरात कपाटापेक्षा पत्रकं जास्त होती. खाटेखाली, माळ्यावर, पिठाच्या डब्यावर झाकण म्हणूनसुद्धा. बाबा ती लिहायचे, स्वतःच कॉम्प्युटरवर टाइप करायचे आणि दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीवर वाटायचो. त्यांचा एकच नियम होता: स्वतः पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कागद दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. मी त्या कागदांवरच वाचायला शिकले.

कॉलेजात लिनक्सची, म्हणजे कुणालाही फुकट वापरता आणि हवी तशी बदलता येणाऱ्या सिस्टिमची, ओळख झाली आणि आपल्या घरातली विंडोज चोरीची आहे, हे मला सलू लागलं. समतेची पत्रकं चोरीच्या सिस्टिमवर? जेवताना मी बाबांना हे सुनावलं. ते शांतपणे म्हणाले, दाखव तुझं. मी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवलं, त्यांचं एक पत्रक उघडलं, आणि पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. त्यांचा जुना मराठी फॉन्ट फक्त विंडोजमधल्या त्यांच्या जुन्या प्रोग्रामलाच कळायचा.

"तुह्या तत्त्वाले माही अक्षरं वाचता येत नाही, पोरी."

मग तह झाला. एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही. जुनी पत्रकं आधी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, हार्ड डिस्कमधली जागा वाटून दिली आणि लिनक्स बसवलं. दसरा तोंडावर होता. त्या वर्षीचं पत्रक अर्धंच टाइप झालं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर बाबा कॉम्प्युटरसमोर बसलेले. सकाळपासून कितीदा तरी बंद-चालू केला, दरवेळी लिनक्सच येत होतं. पत्रक गेलं, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"काहून वं, पुसून टाकलं ना माहं?"

मी म्हटलं, माझ्यासमोर एकदा सुरू करा. कोणती सिस्टिम सुरू करायची, याची यादी काळ्या पडद्यावर आली. वर लिनक्स, तळाशी विंडोज. बाबांनी चष्मा सारखा केला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचू लागले, खालच्या बारीक सूचनेसकट. निवडायला दिलेले दहा सेकंद संपले. लिनक्स आपोआप सुरू झालं.

"पुरं वाचू तर दे म्हणा त्याले."

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. माणसानं वाचून निवडावं म्हणून आयुष्यभर कागद वाटणाऱ्याला माझ्या मुक्त सिस्टिमनं वाचायलाच वेळ दिला नव्हता. मात्र तिच्यात हवा तो बदल करता येतो, म्हणून तर मी भांडले होते. मी सेटिंगमधली वेळेची ओळ बदलली आणि घड्याळच काढून टाकलं. बाबांनी शेवटपर्यंत वाचलं, विंडोज निवडलं. अर्धं पत्रक जिथं सोडलं होतं तिथंच होतं. ते दसऱ्याला वाटलं गेलं.

आता मी मिहानमधल्या एका आयटी कंपनीत नोकरी करते. सुट्टीत घरी गेले की जुनी पत्रकं कुठंही उघडतील अशा नव्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप करते. मूळ मजकूर काढायला तोच कॉम्प्युटर लावावा लागतो. यादी येते आणि थांबून राहते. ओळी मला पाठ आहेत. तरी मी वरून वाचायला लागते.