कारखाना बंद पडल्याची उपकारस्तुती

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. मी जातो आहे, पण म्हणून मला देवाबद्दल चार ओळी लिहायचा अधिकार मिळाला, असं मी मानत नाही. तरीही लिहितो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्याकडे पवित्र शास्त्राखेरीज काही वाचलं जात नाही. हे घरी कोणाच्या हाती पडणार नाही, एवढ्या भरवशावर धीर करतो.

आम्ही नगरकडचे मराठी ख्रिस्ती. बाबा तरुणपणी दिल्लीला आले आणि ओखल्यातल्या पंख्यांच्या कारखान्यात फिटर झाले. आमची खोली कोटल्यात. रविवारी दुपारी आमची मराठी मंडळी लक्ष्मीबाई नगरातल्या एका अधिकाऱ्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये उपासनेला जमत. आमच्यात एक पद्धत आहे. घरात काही चांगलं झालं, मूल झालं, नोकरी लागली, कोणी दुखण्यातून उठलं, की त्या घरानं सगळ्यांना बोलवायचं. घरातल्या एकानं उभं राहून देवानं काय केलं ते सांगायचं, गाणी म्हणायची, मग चहा आणि शिरा. याला उपकारस्तुती म्हणतात.

मी पहिल्या वर्षाला होतो तेव्हा कारखाना बंद पडला. बाहेरचा स्वस्त माल बाजारात येऊ लागला होता, आणि पंख्यांपेक्षा पंख्यांच्या कारखान्याखालची जमीन महाग झाली होती. मालकानं यंत्रं भंगारात काढली आणि जागा मोटारींच्या शोरूमला दिली. बाबा करोल बागेत सुट्या भागांच्या दुकानांतून काम विचारत फिरले. दुकानदार नम्रपणे सांगत, "अंकल, हमें लड़के चाहिए." घरी येऊन बाबा ते वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवत आणि हसत. आम्ही हसत नसू.

त्याच दिवसांत मंडळीत कुजबुज सुरू झाली की मिशनच्या वसतिगृहात देखभालीच्या माणसाची जागा रिकामी होते आहे. पंप, पंखे, नळ, वायरिंग सांभाळायचं आणि आवारातच राहायला खोली. बाबांसाठीच बेतलेलं काम. माणूस सुचवायचा होता आमच्या पंचांनी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनी. अर्ज वगैरे काही नव्हता. ज्या घराला सर्वांत जास्त गरज, त्या घराला ती जागा, एवढंच त्यांचं ठरलं होतं.

आणि त्याच आठवड्यात आईनं आमच्याकडे उपकारस्तुती ठेवली.

"कशाबद्दल?" बाबांनी विचारलं.

"देवाबद्दल."

"अगं, माझी नोकरी गेली आहे. लागलेली नाही."

"मला कळतं ते. स्तुती म्हणजे काय पगार आहे, कारखाना बंद म्हणून तीही बंद?"

बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "कॉलेजवाले, तुम्ही तरी समजवा." आईसमोर देवाचा विषय निघाला की मला शब्द सुचत नसत, अजूनही सुचत नाहीत.

शनिवारी संध्याकाळी लोक आले. खोलीत मावेनात, काही जण जिन्यावर बसले. पंचही होते. आई उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बोलू लागली. बाबा इतकी वर्षं यंत्रावर होते आणि रोज दहाही बोटं घेऊन घरी आले, याबद्दल तिनं देवाची स्तुती केली. मुलगा शिकतो आहे, त्याबद्दल केली. कारखान्यानं जेवढे दिवस पोसलं त्याबद्दलही केली. कारखाना बंद पडला हे तिनं लपवलं नाही. पण शेवटी ती म्हणाली, "प्रभूनं आम्हाला काही कमी केलेलं नाही, करणारही नाही." आवाज जरासुद्धा हलला नाही.

शिरा वाटताना माझ्या कानावर पडलं. पेन्शनीतल्या एक मावशी शेजारणीला म्हणत होत्या, "यांचं कुठंतरी जमलंय बरं का. उगीच कोणी शिऱ्यात एवढं तूप घालत नाही."

"आणि चेहरा बघितला का? लॉटरी लागल्यासारखा."

पुढच्या रविवारी उपासनेत दुसऱ्या एका घरातली बाई प्रार्थना करता करता रडू लागली. तिच्याही नवऱ्याचं काम सुटलं होतं. जागा त्यांना मिळाली. त्यांना गरज नव्हती असं मी म्हणणार नाही. बाहेर चपला घालताना एक पंच बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचं काय भाऊ, तुमचं देवानं पाहिलंच आहे." बाबा "हो हो, सलाम" म्हणाले. बसमध्ये आईला म्हणाले, "देवाला अडचण सांगायची होती. तू त्याला शाबासकी देऊन बसलीस."

शेवटी काम मिळालं ते गुडगावला. शेतांमधून नव्या इमारती उभ्या राहत होत्या, त्यांतल्या एका सोसायटीच्या फाटकावर गार्ड. वर्दी आधीच्या माणसाची, खांद्यात घट्ट. पहाटेच्या धुक्यात बाबा निघत आणि दिवसभर येणाऱ्या प्रत्येक गाडीला सलाम ठोकत. मंडळीत आम्ही एकमेकांना सलाम म्हणतो. बाबा आता रविवारी नुसती मान हलवू लागले. एकदा फाटकाच्या आडव्या दांड्याची मोटर अडकली. मी बघतो, असं बाबा म्हणाले, तर सुपरवायझर म्हणाला, "तू हाथ से उठा, बस." दोन दिवस ते हातानं दांडा उचलत राहिले. दुसऱ्या हिवाळ्यात छातीत खोकला बसला, तो उन्हाळ्यातही गेला नाही.

आई रोज संध्याकाळी स्तुती करी. बाबा खोकत, ती थांबे, खोकला संपला की पुढचा शब्द उचली. मी डोळे मिटून बसत असे, पण आमेन म्हणणं मी सोडलं होतं. तिच्यावर राग होता. तरी तो पोटात ठेवता येत होता, कारण तिला काही ठाऊक नव्हतं असं मी धरून चाललो होतो. भोळी आहे, जागेचं कोण कसं ठरवणार हे तिच्या लक्षात आलं नसेल, लोकांनी चुकीचा अर्थ काढला, असं मी मनाला सांगत असे. लोकांवर चिडणं सोपं होतं.

गेल्या महिन्यात आमचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, निवृत्त होऊन नगरला परत निघाले. सामान बांधायला मी गेलो होतो. पाळकबाई भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या आणि बाबांच्या खोकल्याची चौकशी करत होत्या. मी म्हटलं, त्या वेळी वसतिगृहाची जागा मिळाली असती तर बरं झालं असतं. लोकांचा गैरसमज झाला.

त्यांचे हात थांबले.

"आईनं तुला सांगितलं नाही होय?" त्या म्हणाल्या. "त्या शनिवारी सकाळी मी तुमच्या घरी आले होते. तिला म्हटलं, आज पंच ऐकायला येणार आहेत. स्तुती पुढच्या महिन्यात कर, आज फक्त गरज सांग, जागा तुमचीच आहे. दोनदा सांगितलं. ती म्हणाली, बाई, नोकरीसाठी रडले तर मी देवासमोर उभी आहे की पंचांसमोर, हे मलाच कळायचं नाही."

मग त्यांनी हातातला पेला कागदात गुंडाळला आणि म्हणाल्या, "तुझ्या बाबांना हे अजून माहीत नाही."