मारोती वस्तादांचा पांढरा पट्टा

कळंबच्या मारोती गावंड्याचे दोन्ही कान कुस्तीत मोडून पुरणाच्या कडबूसारखे झाले होते. चष्मा त्यांच्यावर ठरत नसे, पण मारोतीला त्यांचा भारी अभिमान. हातखंडा डाव एकच, पट. वाकून समोरच्याच्या पायात घुसायचं, मांडी कवटाळायची आणि गडी आडवा करायचा. या एका डावावर त्याने पंचक्रोशीतल्या दंगली मारल्या आणि इंदूबाईला लग्नाला तयार केलं, असं तो सांगे. इंदूबाई म्हणे, "मले कोणी विचारलंच नव्हतं."

पन्नाशीत तो यवतमाळला एका मंगल कार्यालयाचा चौकीदार झाला. वरच्या मजल्यावर अमर सर नावाच्या तिशीतल्या मास्तरांनी जुजुत्सूचा क्लास काढला. ब्राझीलची कुस्ती म्हणे. मारोती वर गेला तर जोड्या बसूनच झटत होत्या.

"हे पोट्टे उभे काहून नाही राहत?" तो म्हणाला. "कुस्ती आहे का पंगत?"

अमर सर हुशार माणूस. त्यांनी दुसऱ्याच दिवशी वस्तादाला चटईवर घेतलं. तीन महिने मारोतीने पटात घुसणं शिकवलं. बँकेतला गुबगुबीत कारकून बंटी, ज्याला खाली वाकल्यावर स्वतःच्या पायाची बोटं दिसत नसत, तोही लोकांचे पाय उचलू लागला.

"काका, परीक्षा देऊन निळा पट्टा मिळवा," सर म्हणाले. "मग बोर्डावर तुमचं नाव. पाडण्याच्या डावांचे शिक्षक. पांढऱ्या पट्ट्याला नियमात शिकवता येत नाही."

बोर्डावर आपलं नाव! मारोतीने रोज जोर काढले, इंदूबाईकडून पट्टा धुऊन कडक करून घेतला.

परीक्षेला नागपूरहून मोठे सर आले. समोर बंटी. शिटी वाजली आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत बंटी पाठीवर होता. मारोती उठला, माती नव्हती म्हणून चटईलाच हात लावून तो कपाळी नेला, आणि दोन्ही हात वर करून फेरी मारायला निघाला. त्याच्या आखाड्यात पाठ लागली की कुस्ती संपे. इथे ती तेव्हा सुरू होते, हे त्याला शंभरदा सांगून झालं होतं. पण तीस वर्षांची सवय कानाने ऐकते थोडीच! मोठ्या सरांनी त्याला परत बोलावलं.

या वेळी बंटी पटात घुसला. मारोतीनेच शिकवलेला, अगदी देखणा पट. मारोती पडला खरा, पण हवेतच वळून पोटावर.

"पाठ नाही लागली!" चटईत नाक खुपसून तो ओरडला.

बंटी शांतपणे त्याच्या पाठीवर बसला आणि गळ्याला हात आवळला. हार मानायची तर चटईवर हात आपटायचा. मारोतीने आपटला नाही. पाठ लागलीच नाही, तर हार कायची? डोळे पांढरे झाले तेव्हा मोठ्या सरांनी बंटीला ओढून काढलं.

"समोरच्याला पाठ दिली, तिथंच सगळं संपलं," मोठे सर म्हणाले. "यांना पहिल्यापासून शिकवा."

सोमवारी बोर्ड लागला. पाडण्याच्या डावांचे शिक्षक म्हणून निळा पट्टा मिळालेल्या बंटीचं नाव. मारोती रांगेच्या शेवटी, नववीतल्या समीक्षाच्या शेजारी उभा होता.

"काय बे बंटी..."

"काका, चटईवर सर म्हणायचं," अमर सर हसून म्हणाले.

बंटीने शिकवायला सुरुवात केली. "डोकं खाली घाला, काका. अजून खाली."

डोकं खाली गेलं की मान समोरच्याच्या काखेत सापडते, हे कळंबचं शेंबडं पोरगंही सांगेल. मारोतीने तोंड उघडलं. सगळी रांग त्याच्याकडे बघत होती.

"हो, सर," तो म्हणाला, आणि डोकं खाली घालून घुसला. मान काखेत गेली. बंटीने दाबलं. मारोतीने लगेच चटईवर हात आपटला, दोनदा.

"बघा," अमर सर सगळ्यांना म्हणाले, "काका किती लवकर शिकले!"