परत पाठवलेला हात

इंदूकाकू कासारीण माणसांचे चेहरे विसरायच्या, हात विसरायच्या नाहीत. पेठेत एखादी बाई ‘ओळखलंत का काकू?’ म्हणत समोर उभी राहिली, की त्या तिचा हात हातात घेऊन अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघायच्या आणि मगच नाव सांगायच्या. माझ्या लग्नात चुडा भरताना मला म्हणाल्या होत्या, ‘पुस्तकं धरून धरून हाडं कडक केलीस गं. हात मऊ सोड, बाय. बांगडीशी भांडायचं नसतं.’ हे त्या प्रत्येकीला सांगत.

अलिबागच्या जुन्या पेठेत आमचं छत्र्यांचं दुकान होतं आणि समोर त्यांचं बांगड्यांचं. शेजारी सोडावाला, पलीकडे कंदील दुरुस्त करणारा. आज यांतलं एकही नाही. तिथे आता पर्यटकांच्या टोप्या आणि मोबाइलची कव्हरं लटकतात. जुनी दुकानं काळानं नेली असं आम्ही पेठकर म्हणतो, कारण तसं म्हणायला बरं वाटतं. काकूंचं दुकान कशानं गेलं ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्या दुकानात बांगडी ‘फुटायची’ नाही, ‘वाढवायची’. चुकून कुणी फुटली म्हणालंच तर काकू हातातलं काम थांबवून तिला शब्द बदलायला लावत. आणि त्यांचा एक नियम होता, समोर आलेला हात रिकामा परत पाठवायचा नाही. ‘हात रिकामा गेला तर मी कासारीण कसली?’ असं त्या म्हणायच्या आणि तापानं फणफणलेल्या असल्या तरी उठून बसायच्या.

त्यांचं खरं गिऱ्हाईक म्हणजे थळच्या कोळणी. त्या डाव्याच हातात बांगड्या भरत. उजव्या हातातल्या लग्नात दर्याला वाहिलेल्या असतात, त्याच्या बदल्यात त्यानं नवरा सांभाळायचा. मासळीच्या पाट्या उचलून बांगड्या सारख्या वाढायच्या, की कोळणी थेट काकूंच्या पाटावर येऊन बसायच्या. भरून झाल्यावर वाकून नमस्कार करायच्या. एरवी कुणाला न जुमानणाऱ्या या बाया काकूंपुढे अगदी गरीब होत.

त्यांतलीच एक कमळा. तिशीची असेल. तिच्या नवऱ्याची होडी चार दिवस बेपत्ता होती, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. पाचव्या दिवशी दुपारी ती आली आणि नेहमीसारखी पाटावर बसली. हातात दोनच बांगड्या उरल्या होत्या. तिनं तो हात पुढे केला. मी तिथेच होते. काकूंनी तिचा हात धरला, दाबला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग सोडून दिला.

‘दोन दिवस थांब, बाय,’ त्या म्हणाल्या. ‘मग भरू.’

कमळा त्यांच्याकडे बघत राहिली. मग उठून गेली. मी काकूंना विचारलं, हे काय केलंत? तर त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, ‘ज्या दोन दिवसांत फुटायच्या, त्या मी माझ्या हातानं कशा भरू?’ फुटायच्या. तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

थळला त्याचा अर्थ एकच लागला. कधी हात परत न पाठवणाऱ्या कासारणीनं हात परत पाठवला, म्हणजे तिला कळलेलं आहे. सासूनं त्याच संध्याकाळी कमळाच्या उरलेल्या दोन बांगड्या उतरवल्या. नवऱ्याचं प्रेत अकरा दिवसांनी श्रीवर्धनकडच्या किनाऱ्याला लागलं.

कुणी भांडायला आलं नाही. कोळणी नुसत्या यायच्या थांबल्या. बाजाराला येत, दुकानासमोरून डोक्यावर पाटी घेऊन जात आणि पुढच्या नव्या दुकानातून पाकिटातल्या बांगड्या घेत. काकू रोज पाट पुसून बसायच्या. वर्ष गेलं. मग एका सकाळी मला म्हणाल्या, ‘थळला नेशील? मला तिचे पाय धरायचेत.’

कमळा अंगणात सुकट पसरत होती. काकू वाकू लागल्या तशी तिनं त्यांना खांद्याला धरून उभं केलं. रागावलेली मुळीच दिसत नव्हती.

‘तुमचा दोष न्हाय, काकू,’ ती म्हणाली. ‘तो बुडाला तो बुडालाच व्हता. पन मना ठावं नव्हतं ना. ते अकरा दिस माजे व्हते. तेवरं दिस मी त्याची वाट बघितली असती. तुमी ते बी ठेवले न्हाय.’

मग तिनं चहा केला. आम्ही तो प्यायलो.

रिक्षात काकू एवढंच म्हणाल्या, ‘मला वाटलं, मी तिला वाचवतेय.’ मला तेव्हा त्यांचा राग आला नाही आणि कमळाचाही आला नाही. आजही येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी दुकान उघडलं नाही. गणपतीनंतर त्या गेल्या. अंत्ययात्रेला पेठेतले आम्ही सगळे होतो. थळहून कुणी आलं नाही.