कालच्या तारखेचं फंक्शन

अकरा वर्षं घर सांभाळून पुन्हा नोकरीला लागले, तीही तीन महिन्यांच्या बोलीवर. जमलं तर पक्की, नाही तर विश्रांतवाडीची बस धरून घरी. शेवटच्या आठवड्यात साहेबांनी काम दिलं. रोजचे अहवाल काढणाऱ्या आमच्या सगळ्या स्क्रिप्टना, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमना, कालची तारीख लागते. ती कुठल्याही मशीनवर बिनचूक देईल असं, सगळ्या प्रोग्रॅमना वापरता येईल असं एकच फंक्शन लिहा. शुक्रवारी बघू.

एवढंच? चहा व्हायच्या आत लिहिलं. लिनक्सच्या कॉम्प्युटरवर कालची तारीख एका तऱ्हेनं मागावी लागते, मॅकवर दुसऱ्या. म्हणून माझं फंक्शन आधी मशीनचं नाव विचारायचं आणि त्याप्रमाणे मागायचं. बुधवारी साहेबांच्या मॅकवर ते तोंडावर आपटलं. त्यांनी त्यावर लिनक्सची अवजारं आणून बसवली होती, तारीख सांगणारंसुद्धा. नाव मॅकचं, वागणं लिनक्सचं.

"छान लिहिलंयत," साहेब म्हणाले. "फक्त चालत नाही."

आजूबाजूचे सगळे खुदखुदले. अस्सा संताप आला म्हणता!

घरी जाताना बसमध्ये डोकं तापलेलंच होतं, आणि एकदम शनिवार पेठेतले दिवस आठवले. मी खोली शोधत फिरत होते. घरमालक आधी पूर्ण नाव विचारायचे आणि आडनाव ऐकलं की खोली नेमकी सकाळीच गेलेली असायची. भाडं वेळेवर द्याल का, हे एकानंही विचारलं नाही. आणि आता मी, मी बाई, मशीनला आडनाव विचारत बसले होते! कमाल आहे माझी.

दुसऱ्या दिवशी सगळं पुसलं. नावगाव विचारायचंच नाही. लिनक्सच्या तऱ्हेनं तारीख मागायची. आली तर घ्यायची, नाही तर गपचूप मॅकच्या तऱ्हेनं मागायची. दोन्ही फसलं तर जमलं नाही म्हणून स्वच्छ सांगायचं. झालं, सात ओळी.

शुक्रवारी साहेबांनी ते स्वतःच्या मॅकवर चालवलं. तारीख आली. शेजारच्याचा कोरा मॅक ओढला, आली. सर्व्हरवर आली. मग ते इरेलाच पेटले आणि कपाटातला जुना लॅपटॉप काढायला लावला. मी हाताची घडी घालून उभी. तिथंही आली!

"सोमवारपासून सगळ्यांनी हेच वापरायचं," साहेब म्हणाले. "अडलं तर मॅडमना विचारा."

"सोमवारी मी असणार आहे का?" सगळ्यांना ऐकू जाईल असं मी मुद्दाम विचारलं.

"अहो, तुम्ही नसाल तर विचारायचं कोणाला?"

मी तिथंच, सगळ्यांसमोर, स्वतःसाठी टाळ्या वाजवल्या.