नडगीवरची खूण

कारखान्यात तिला सगळे नडगीबाई म्हणत. वर्षातून एकदा प्रत्येकाच्या नडगीला थंडगार जेल फासायचं, त्यावर यंत्राचा मुठीत मावणारा ठोकळा टेकवायचा आणि पडद्यावरचा आकडा वाचायचा, हे तिचं बावीस वर्षांचं काम. कानाला ऐकू न येणारा आवाज हाडातून धावतो; हाड भरीव असलं तर सुसाट, आतून विरत चाललं असलं तर रेंगाळत.

पद्धत ठरलेली होती. गुडघ्यापासून टाचेपर्यंत टेप लावायची, बरोबर मध्यावर पेनने खूण करायची आणि ठोकळा त्या खुणेवरच धरायचा. पण नडगी सगळीकडे सारखी नसते. ठोकळा दोन बोटं इकडेतिकडे सरकवला की एखादी टणक जागा सापडते आणि पडद्यावरची लाल पट्टी हिरवी होते. हिरवी म्हणजे कामाला लायक. लाल म्हणजे घरी.

मागच्या वर्षी तिची धाकटी जाऊ समोर येऊन बसली तेव्हा खुणेवर लाल आलं. तिन्ही वेळा लाल. जाऊ पॅकिंगच्या टेबलाशी दहा तास उभी असायची. दीर अंथरुणाला खिळल्यापासून घरात मिळवती तीच. ती हातापाया पडली नाही. नुसतं म्हणाली, "बघा जाऊबाई, जमलं तर." नडगीबाईने ठोकळा सरकवला. हिरवं आलं. दोघी हसल्या, कॉपी पचलेल्या पोरींसारख्या.

दोन महिन्यांपूर्वी जाऊ कारखान्याचा जिना उतरत होती. घसरली नाही, धडपडली नाही. शेवटच्या पायरीवर पाय टेकला आणि हाड मोडलं. प्लास्टर निघाल्यावर बसून करायचं काम द्या, असा अर्ज तिने पाठवला. त्यावरून आज डॉक्टरने नडगीबाईला बोलावलं.

डॉक्टर कंपनीचा, कपड्यांना कडक इस्त्री, जिभेला लोणी. मागच्या वर्षीचा अहवाल पुढ्यात ठेवून तो तिला समजावू लागला. हाड उत्तम होतं, हे कागदावर आहेच. म्हणजे पाय मोडला तो तिच्या निष्काळजीपणाने, उभ्या कामाने नव्हे. बसायच्या कामाचा प्रश्नच येत नाही. तपासणी तुम्हीच केलीत, तेव्हा खाली एक सही करून टाका. मग चहाचा घोट घेत, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं त्याने सांगितलं की ठोकळा थोडा सरकवला जातो हे त्याला पहिल्यापासून माहीत आहे. निम्मी माणसं घरी बसवली तर टेबलांशी उभं कोण राहणार?

इतकी वर्षं नडगीबाई समजत होती, आपण लपूनछपून दया करतोय. कसली दया? ती यांचंच काम करत होती, आणि तेही न सांगता, मनापासून. तिला याच्या लोणी फासलेल्या हसण्याचा संताप आला, स्वतःच्या हाताचा आला, त्या 'जमलं तर'चासुद्धा आला.

तिने पेन घेतलं आणि सहीच्या जागेवर इतकं दाबून लिहिलं की कागद फाटायचाच बाकी राहिला. खुणेवर तिन्ही वेळा लाल होतं. हिरवा आकडा दुसऱ्या जागेवरचा. घेणारी मी. डॉक्टरांना माहीत होतं.

त्याने वाचलं. चहा बाजूला ठेवला. "बाई, यात तुम्ही बुडाल."

"बुडते की. तुमचा हात धरून बुडते."

त्याने हात पुढे करायच्या आत तिने कागद उचलला, कागदपत्रं जमा करायच्या आवक खिडकीवर दिला आणि त्याच्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारून घेतला.

संध्याकाळी ती जावेकडे गेली. जाऊ पलंगावर, प्लास्टरखाली दोन उशा. सगळं ऐकून ती कौतुकाने काही बोलेल, निदान डोळे तरी पुसेल, असं नडगीबाईला वाटलं होतं. जावेने भिंतीकडे तोंड केलं.

"म्हणजे तुमची नोकरी गेली आणि मी झाले लाल. लाल म्हणजे घरी. यात बसायचं काम कुठे आलं?"

डॉक्टरांना सगळं माहीत होतं, हे आता कागदावर आलंय, नडगीबाई म्हणाली. कंपनीला बसायचं काम द्यावंच लागेल.

"कागदावर तर मी हिरवीही होते."

जाऊ संतापली होती आणि तिचं चुकत नव्हतं. मग तिनेच मान वळवली. "अशा हिरव्या केलेल्या किती जणी आहेत?"

नडगीबाईला आकडे आठवायचे नाहीत, नडग्या आठवायच्या. काळवंडलेली, केसाळ, जुन्या भाजल्याच्या डागाची. तिने मनात मोजल्या, आणि एकेचाळीसवर थांबली, कारण पुढे मोजायची हिंमत होईना.

"मग जा ना त्यांच्याकडे," जाऊ म्हणाली. "माझ्या एकटीचा पाय दाखवून कोण ऐकणार आहे? इथे बसून माझं तोंड काय बघताय?"

नडगीबाई उठली. खालच्याच मजल्यावर पॅकिंगमधली एक बाई राहत होती. तिने बेल दाबली. दार उघडायला फार वेळ लागला. आतून कुणीतरी भिंतीला धरत, एक पाय ओढत येत होतं.